लॉक लावलं कुणी आणि किल्ली कुणाकडे

"दादा, मी कसलंच लॉक लावलेलं नाही हो," ताई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. समोर निळा स्क्रीन, त्यावर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलुपाची, 48 आकडी रिकव्हरी की मागणारी चौकट. शेजारी त्यांचा मुलगा उभा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी त्याला उबंटू, म्हणजे विंडोजसारखीच पण लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टिम, हवं होतं. आदल्या रात्री तो एका व्हिडिओत बघून टाकायला बसला आणि सकाळी विंडोजच उघडेना.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. ड्युअल बूटची, म्हणजे एकाच मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची, कामं अधूनमधून येतात. लॅपटॉप एकट्या मुलाचा असेल तर फार चिंता नसते, सगळं बिघडलं तरी विंडोज पुन्हा टाकता येतं. इथे तो मार्ग बंद होता, कारण या मशीनवर घर चालतं. ताई डीटीपी करतात: लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कुणाचे प्रबंध. सगळं काम श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या आणि पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल असा, नसतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. पेजमेकर तर कधीचं बंद झालंय, आणि लिनक्ससाठी ते कधी आलंच नव्हतं. म्हणून विंडोज काढून चालणार नव्हतं. त्यात दोन पत्रिका दुसऱ्या दिवशी छापायला जायच्या होत्या. बॅकअप? "पेनड्राइव्हवर आहे थोडं, गेल्या वर्षीचं."

बाजारात अशा वेळी एकच उत्तर मिळतं, फॉरमॅट मारून देतो. ताई आधी एका ठिकाणी जाऊन तेच ऐकून आल्या होत्या.

मी आधी लॉक कुठून आलं ते शोधायला घेतलं. विंडोज 11 सेट करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं, की अनेक लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे हेच कुलूप, आपोआप सुरू होतं. होम एडिशनवरही होतं. रिकव्हरी की त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते. म्हणून ताईंना विचारलं, "लॅपटॉप घेतला तेव्हा ईमेल कुणाचा टाकला?" त्या म्हणाल्या, "दुकानातल्या मुलानंच सगळं चालू करून दिलं. मला फक्त चार आकडी पिन सांगितला." म्हणजे त्यांच्या सगळ्या कामाची किल्ली विकणाऱ्याच्या कुठल्यातरी खात्यात. फोन लावला. तो मुलगा काम सोडून गेला होता आणि त्या खात्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता.

हे मला मनापासून खटकतं. गिऱ्हाइकाचा वेळ वाचावा म्हणून हे करतात, हेतू वाईट नसतो. पण हजारो रुपये मोजून माणूस मशीन घरी नेतो आणि त्याच्या डेटावरचा शेवटचा हक्क दुसऱ्याच्या ईमेलमध्ये राहतो, हे त्याला कुणी सांगतसुद्धा नाही.

आता आशा एकाच गोष्टीवर होती. ताईंच्या मुलाला जवळ बसवलं. "बाळा, ओरडणार नाही. बायोसमध्ये काय काय बदललंस ते क्रमानं सांग."

बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्ज. तिथे त्याने सिक्युअर बूट, म्हणजे सही केलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारी तपासणी, बंद केलं होतं. व्हिडिओत तसं सांगितलं होतं म्हणे. खरं तर उबंटूसाठी ते बंद करायची गरज नाही, त्याचा बूटलोडर, म्हणजे त्याला सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम, सही केलेला असतो आणि सिक्युअर बूट चालू ठेवूनही सुरू होतो. मग पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर उघडला. डिस्क एन्क्रिप्टेड आहे हे ओळखून इन्स्टॉलरने पुढे जाऊच दिलं नाही. म्हणजे डिस्कवर अजून एक अक्षरही लिहिलं गेलं नव्हतं. 

"टीपीएम क्लिअर केलंस का?"

"नाही काका. कमेंटमध्ये कुणीतरी लिहिलं होतं, पण भीती वाटली."

त्या भीतीने सगळं वाचवलं. डिस्कची किल्ली टीपीएम चिप सांभाळते आणि मशीन नेहमीसारखं सुरू झालं तरच ती देते. सिक्युअर बूट चालू आहे की बंद, याचीही त्यात नोंद असते. बंद केल्याबरोबर नोंद जुळेना, म्हणून चिप गप्प बसली. चिपमधली किल्ली मात्र जागेवर होती. टीपीएम क्लिअर केलं असतं तर तीही गेली असती, आणि 48 आकड्यांशिवाय ती डिस्क मीच काय, कुणीच उघडू शकलं नसतं.

बायोसमध्ये गेलो, सिक्युअर बूट पुन्हा चालू केलं, बाकी कशाला हात लावला नाही. सेव्ह करून रीस्टार्ट. विंडोजचं चिन्ह फिरलं आणि पिनची चौकट आली. ताईंनी पिन टाकला. डेस्कटॉपवर पत्रिकांचं फोल्डर दिसल्यावर त्या खुर्चीत बसल्या आणि पाणी मागितलं.

उबंटूचं काम मी लगेच सुरू केलं नाही. आधी सगळं काम फॉन्टसकट बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं, दोन फाइली उघडून तपासल्या. मग एन्क्रिप्शन बंद करून डिस्कवरचं कुलूप पूर्ण निघेपर्यंत थांबलो. उबंटूसाठी सी ड्राइव्हमधून 80 जीबी काढायचे होते, पण विंडोज जेमतेम 20 सोडायला तयार. हायबरनेशनची (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करायची) आणि पेजची फाइल, रिस्टोअर पॉइंट यांसारख्या न हलणाऱ्या फाइली मध्ये बसलेल्या असतात. त्या तात्पुरत्या बंद केल्यावर जागा मोकळी झाली. हायबरनेशन मात्र बंदच ठेवलं, कारण त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही जातं. ते चालू असेल तर विंडोज बंद केलं तरी अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिणं धोक्याचं होतं.

त्यानंतरचं इन्स्टॉलेशन सोपं. मोकळ्या जागेत उबंटू, आणि ईएफआय पार्टिशन, म्हणजे बूटलोडर ठेवायचा डिस्कचा छोटा भाग, फॉरमॅट न करता तेच वापरायचं. विंडोजच्या बूटलोडरशेजारी उबंटूचं वेगळं फोल्डर त्यात बसतं.

उबंटू टाकल्यावर ते बूटच्या क्रमात स्वतःला पहिलं लावतं. मी तो क्रम उलटा केला. ताईंनी बटण दाबलं की थेट विंडोज यावं, काळा मेनू दिसूच नये. मुलाला उबंटू हवं तेव्हा त्याने सुरुवातीला बूट मेनूची की दाबावी. यात दुसरा फायदाही आहे. ग्रबमधून, म्हणजे उबंटूच्या त्या काळ्या मेनूतून, विंडोज उघडलं तर बिटलॉकर पुन्हा किल्ली मागू शकतो, थेट उघडलं तर चिपची नोंद जुळते. मला एन्क्रिप्शन परत लावायचंच होतं. ताईंकडे लोकांच्या प्रश्नपत्रिका असतात, लॅपटॉप चोरीला गेला तर त्या उघड्यावर पडायला नकोत.

त्यांच्याच मोबाइल नंबरवर त्यांचं स्वतःचं अकाउंट काढलं, दुकानाचं खातं मशीनवरून हटवलं, एन्क्रिप्शन नव्याने चालू केलं. त्यामुळे नवी की तयार झाली आणि दुकानाच्या खात्यातली जुनी निकामी. नवी की छापून दिली, ताईंनी ती पॉलिसीच्या कागदांच्या फायलीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजतं. मुलाला टर्मिनलमध्ये टाकायची कमांड फोनवरच सांगितली. त्याने ती चालवली आणि म्हणाला, "झालं काका. आईच्या पत्रिका सकाळीच प्रेसला गेल्या."