लातूरहून मालवण: स्नॉर्केलिंगला जाणार असाल तर आधी बादलीत तोंड बुडवा

दिवाळीनंतर आम्ही अकरा जण तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर, फोंडाघाट करत मालवणला गेलो. आपल्याकडची बरीच मंडळी हल्ली तिकडं स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क लावून नळीनं श्वास घेत पाण्याखालचं बघायला जातात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

होडी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ थांबली. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पाण्यात डोकं घातलं तर समोरच प्रवाळाची मोठी गाठ, मेंदूसारख्या वळ्यांची. तिच्या फटीतून काळ्या पट्ट्यांचा बोटभर मासा डोकावत होता. तेवढ्यात पुतण्याच्या नाकात पाणी गेलं आणि तो त्या गाठीवरच उभा राहिला.

मुद्दाम नाही केलं त्यानं. आपण विहिरीत डबा बांधून पोहायला शिकलेली माणसं. घाबरलो की पाय आधार शोधतो. वर आल्यावर म्हणाला, "काका, दगड होता." तो दगड नव्हता. त्यावर हजारो बारीक जिवांचा पातळ थर असतो, आणि अशी गाठ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढते. टाच घासली तिथले जीव गेलेच.

त्या रात्री लॉजवर बादली भरली. मास्क लावून, नळी दातात धरून प्रत्येकानं तोंड बुडवलं आणि तोंडानं श्वास घेण्याचा सराव केला. दुसऱ्या दिवशी एकाचाही पाय खाली टेकला नाही. तुम्ही हे घरूनच करून जा. पट्टीचे पोहणारे असलात तरी लाइफ जॅकेट काढू नका, धरायला दिलेली तरंगती रिंग सोडू नका.

पहिल्या दिवशी मासे जमावेत म्हणून होडीवाल्यानं पाव टाकला होता. शेवाळ खाऊन प्रवाळ मोकळं ठेवणारे मासे मग पावामागं लागतात. दुसऱ्या दिवशी पैसे ठरवतानाच सांगितलं, "दादा, पाव नको." तो लगेच म्हणाला, "गिऱ्हाइकं मागतात म्हणून टाकतो, आम्हाला कुठं हौस आहे?" पावाशिवायही मासे भरपूर दिसले.

सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. ऑक्सिबेंझोन हे रसायन असलेली सनस्क्रीन प्रवाळाला घातक म्हणून हवाईत २०२१ पासून तिच्या विक्रीवर बंदी आहे. शोकेससाठी प्रवाळाचा तुकडा उचलू नका. वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. आणि होडीत बसण्याआधीच सगळ्यांना नीट समजावून सांगा, नळी तोंडात गेल्यावर कुणाला काही विचारताही येत नाही.