आमची वाटचाल : अर्जुनसालीपासून हॉथॉर्नपर्यंत

नागपूरच्या इतवारीत वडिलांचं जडीबुटीचं दुकान. लहानसा गाळा, पोत्यांत हिरडा-बेहडा आणि कोपऱ्यात अर्जुनसालीची थप्पी, हृदयासाठी जिचा काढा घेतात ती. मी बसायला लागलो तेव्हा डोक्यात आलं, सुटी साल विकण्यापेक्षा काढाच बाटलीत भरून विकू. पहिला घाणा लोखंडी कढईत आटवला. सकाळी लालसर दिसणारा काढा दुपारपर्यंत शाईसारखा काळा झाला. चव बघितली तर तोंडात नुसतं लोखंड. वीस लिटर माल नालीत ओतला.

फार्मसी शिकणारी भाची म्हणाली, "मामा, सालीत टॅनिन असते, म्हणजे तुरट द्रव्य. लोखंडाला लागलं की शाईच होणार. पूर्वी शाई अशीच करत." त्याच संध्याकाळी स्टीलचं पातेलं आणलं. शॉप अ‍ॅक्टचं सर्टिफिकेट नंतरचं, आमची सुरुवात मी त्या पातेल्यापासून धरतो.

पुढचा धडा भेसळीचा. अर्जुनाच्या नावाखाली ऐनाची साल यायची. ऐन काळपट, मगरीच्या पाठीसारखा भेगाळलेला. अर्जुन पांढुरका, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारा, आतून गुलाबी. कांडून आली की मात्र दोन्ही सारखीच. म्हणून भुकटी आम्ही विकत घेतच नाही.

हॉथॉर्न दुकानात आलं ते धंतोलीच्या एका काकाजींच्या पिशवीतून. "काहून भाऊ, हे तुमच्याकडं नाही का? पोरानं जर्मनीहून पाठवलं." पुड्यावर पांढऱ्या फुलांचं चित्र. होमिओपॅथीच्या दुकानात क्रॅटेगस मागतात, ते हेच झाड. गुलाब-सफरचंदाच्या कुळातलं, काटेरी. चीनमध्ये त्याची आंबट लाल फळं जड जेवणानंतर पचनासाठी देतात. युरोपात हृदयासाठी पानं-फुलं वापरतात. औषधी वनस्पती तपासणाऱ्या जर्मनीच्या कमिशन ई समितीनं 1994 साली पानं-फुलांच्या अर्काला सौम्य हृदयदौर्बल्यासाठी मान्यता दिली, नुसत्या फळाला नाही.

भाचीनं दोन पेले मांडले, एकात आमचा काढा, दुसऱ्यात पुड्यातल्या पानांचा. दोन्हींत फेरिक क्लोराइडचा, म्हणजे लोखंडाच्या क्षाराचा, एकेक थेंब. आमचा निळसर काळा झाला, पानांचा हिरवट काळा. हॉथॉर्नचा जोर प्रोसायनिडिनवर, म्हणजे चहात असतात तसले कॅटेचिनचे रेणू साखळीत गुंफलेले; हेही एका जातीचं टॅनिनच. सोबतीला व्हायटेक्सिन आणि हायपरोसाइड ही फ्लेव्होनॉइड गटातली वनस्पतिद्रव्यं. अर्जुनात वेगळ्या जातीचं टॅनिनही, शिवाय अर्जुनोलिक आम्लासारखी ट्रायटर्पिनॉइड नावाच्या आणखी एका गटातली द्रव्यं. दोन्ही झाडं हृदयाची म्हणून ओळखली जातात, पण आतला माल वेगळा. हे कळल्यावर "अर्जुन म्हणजे देशी हॉथॉर्न" अशी जाहिरात करायचा माझा बेत मीच फाडून टाकला.

आणखी एक गोष्ट मनात बसली. 2008 साली युरोपातल्या 2681 हृदयरुग्णांवरच्या चाचणीचा निकाल छापून आला. रोज 900 मिलिग्रॅम हॉथॉर्न अर्क, दोन वर्षं. मृत्यू, हार्ट अटॅक, दवाखान्यात भरती यांच्या एकत्रित हिशेबात लक्षणीय फरक पडला नाही. छोट्या चाचण्यांत दम कमी लागल्याचं दिसलं होतं, तेही खरं. म्हणून आमच्या बाटलीवर "हृदयविकार बरा करतो" असं छापलेलं नाही. वितरक त्यावरून दोनदा रुसले.

काकाजींना विचारलं, कोणती गोळी चालू आहे? डिगॉक्सिन, म्हणजे हृदयाचंच औषध. मग मी पुडा ठेवूनच घेतला, आधी डॉक्टरांना विचारून या म्हटलं. चौथ्या दिवशी आले, डॉक्टरांनी नकोच सांगितलं होतं. पुडा अजून गल्ल्यामागच्या फळीवर आहे. काकाजी सालीसाठी नाही, नुसते बसायला येतात आणि त्याच्याकडे बघून म्हणतात, "पोराचे पैसे गेले जी."