ग्रिड वाकवलं ती रात्र

गावाबाहेरच्या घराची मागची खोली हाच आमचा स्टुडिओ. कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड पॅनल आहेत, कारण लहान खोलीत बास, म्हणजे खर्जाचा आवाज, तिथेच तुंबतो आणि नुसत्या गाद्या-रजया त्याला रोखत नाहीत. शेजार लांब, त्यामुळे ड्रम रात्री कितीही वेळ वाजवावेत. ट्रंपेट मात्र दुपारीच. अंधार पडला की रातकिडे सुरू होतात आणि त्यांची किरकिर चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपास, ट्रंपेटच्या झळाळीच्याच पट्ट्यात येते. फिल्टरने ती काढायला जावं तर ट्रंपेटचं तेजही जातं.

त्या रात्री ९२ बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला ९२ मात्रांचं, एक गाणं हातात होतं. डी मायनर नाइन, जी थर्टीन, सी मेजर नाइन अशी ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोवरची कॉर्डची साखळी, खाली सिंथेसायझरचा बास, आणि ड्रम मशीनवर ५८ टक्के स्विंग, म्हणजे एकाआड एक ठोका जरा उशिरा टाकून ठेक्याला दिलेला झोल. ही स्विंगची सोय रॉजर लिन यांनी १९८० च्या आसपास आपल्या ड्रम मशीनमध्ये आणली. ५० टक्के म्हणजे सरळ ठेका, ६६ च्या सुमारास ट्रिपलेटचा, म्हणजे तीन समान भागांचा, झोल. आमच्या टेम्पोला ५८ वर प्रत्येक जोडीतला दुसरा सोळांश (पाव मात्रेचा ठोका) साधारण २६ मिलिसेकंद उशिरा पडतो. कागदावर अगदी बरोबर. ऐकायला मात्र गाणं आखडलेलं. आकडा वर-खाली करून पाहिला, पण अंग काही सैल होईना.

आमचा ड्रमर हेडफोन काढून म्हणाला, "कानातली ती क्लिकची टिकटिक बंद कर रे. मला एकट्याला वाजवू दे."

त्याने चारेक मिनिटं वाजवलं आणि आम्ही बाकीचे गप्प झालो. मग मी वेव्हफॉर्म, म्हणजे पडद्यावरचा आवाजाचा आलेख, मोठा करून पाहिला. हायहॅटच्या झांजा जवळजवळ सरळ चालल्या होत्या. किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, जागेवर. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचा स्नेअर, म्हणजे काठीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम, तेवढा दर वेळी वीसेक मिलिसेकंद मागे रेलून बसलेला. आमचं मशीन सगळ्याच वाद्यांना एकसारखं मागे ढकलत होतं. ड्रमर फक्त एका हाताला थांबवत होता. सगळा झोल त्या फरकात होता, आणि तो टक्क्यांत मांडता येण्यासारखा नव्हता.

मग काम उलटं केलं. त्याच्या प्रत्येक समेवर खूण करत टेम्पो मॅप बनवला, म्हणजे कॉम्प्युटरवरचं मात्रांच्या रेघांचं ग्रिडच त्याच्या लयीप्रमाणे वाकलं. डिलेचे प्रतिध्वनी आणि आर्पेजिओ (एकेक करून वाजणारे कॉर्डचे सूर) त्या मॅपला बांधले. ऱ्होड्सवाल्या मैत्रिणीने कॉर्ड पुन्हा वाजवल्या, क्वांटाइझ न करता, म्हणजे सूर ग्रिडवर ओढून न बसवता. पॅड या सिंथच्या लांब, पसरट आवाजावर त्याला दाबणारा कॉम्प्रेसर होता; तो कधी दाबायचा हे ठरवायला (साइडचेन म्हणून) त्याच किकचा ट्रॅक दिला, तेव्हा तर मला राहवेना: किक पडली की पॅड दबत होता आणि त्याच्याच चालीने पुन्हा वर येत होता. इलेक्ट्रॉनिक आवाजांनी माणसाच्या श्वासावर चालावं, यासाठीच तर आम्ही हे सगळं करतो.

दुसऱ्या दुपारी ट्रंपेट भरला. नवीन गाण्यात आता आधी ड्रमर वाजवतो, टेम्पो मागून ठरतो. या गाण्याचं मिक्स अजून चालू आहे. किक आणि बास साठ हर्ट्झच्या आसपास एकमेकांच्या अंगावर येतात. बासलाच तिथे थोडं कापावं लागेल, किकला मी हात लावणार नाही.