आवाज बंद केला मी

दोन महिने होत आले पण ही गोष्ट डोक्यातून जाईना, म्हणून शेवटी लिहायला बसलोय. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, आमची शेड आहे, फॅब्रिकेशन आणि फिटिंगची, बावीस वर्षं झाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, जनरेटरचे ट्रेलर, म्हणजे जे काही मागे जोडून ओढता येतं ते फिरून फिरून आमच्याकडेच येतं.

काका दांडिया बाजारातले, वडिलांच्या ओळखीचे. रिटायर झाल्यावर हौस म्हणून कॅम्पर घेतली, म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं छोटं घर. बॉडी इथलीच, फायबरची, पण खालची चासी, एक्सल आणि पुढचा कप्लर सगळं जर्मन. भरल्यावर सातशे किलोच्या आसपास. बडोद्यात असली दुसरी कॅम्पर मी तरी पाहिलेली नाही, त्यामुळे ती आली की आजूबाजूच्या शेडमधले सगळे काम सोडून बघायला येतात आणि प्रत्येकाला तीन सल्ले द्यायचेच असतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला हूक आणि पिन असते. पिन टाकली, खालून चाप लावला, निघा. खडखड वाजतं, पण पंचवीसच्या स्पीडला कोण विचारतो. कॅम्परचं तसं नाही. गाडीच्या मागे लोखंडी गोळा असतो, ५० मिमीचा, आणि ट्रेलरचा कप्लर त्याच्यावर टोपीसारखा बसतो. ५० चाच पाहिजे. अमेरिकन माप २ इंच म्हणजे ५०.८, ऑनलाइन लोक बिनधास्त तो मागवतात आणि मग म्हणतात कप्लर नीट बंद होत नाही. ०.८ मिमीनं काय होतंय असं म्हणणारे आमच्या लाइनीतच बसलेत, एक तर एमएसच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या, राउंड बारमधून गोळा लेथवर टर्न करून देतो तीनशे रुपयात. मी काकांना फोर्जिंगचाच, म्हणजे ठोकून घडवलेलाच, घ्यायला लावला होता, वर्निअर लावून बघितला, ४९.९.

आणि ग्रीस हा माझा जिव्हाळ्याचा विषय. लोकांना वाटतं जास्त ग्रीस म्हणजे जास्त प्रेम. दोन बोटं भरून एपी-थ्री गोळ्यावर थापतात, वरून तसंच पुढच्या वेळी परत. उघड्या गोळ्यावरचं ग्रीस रस्त्याची सगळी धूळ धरतं आणि मग ते ग्रीस राहत नाही, व्हॉल्व्ह घासायची पेस्ट होते, गोळा आणि कप्लर दोघांना खाते. आधी जुनं सगळं पुसायचं, फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत पुसायचं, मग बोटानं इतकं पातळ लावायचं की खालचं लोखंड दिसलं पाहिजे. गाडी सोडली की गोळ्यावर टोपी, टोपी नसेल तर जुना टेनिस बॉल कापून घालायचा. हे मी शेडमधल्या प्रत्येक पोराला शिकवलंय आणि शिकवताना थोडा भाव पण खाल्लाय, खोटं कशाला बोलू.

तर दिवाळीच्या आधीचा शनिवार. काका चार वाजता आले, म्हणाले उद्या सकाळी सगळ्यांना घेऊन चांपानेरला निघायचंय, आणि वळताना मागून किर्रर्र आवाज येतोय, काकू म्हणते गाडी मोडणार आहे. मी पोराला बसवून लाइनीत एक चक्कर मारायला लावली. खरंच आवाज, जुन्या वाड्याचं दार उघडल्यासारखा, दोन शेड पलीकडे ऐकू येईल असा.

त्या दिवशी एका टँकरची डिलिव्हरी होती, पार्टी डोक्यावर उभी. कप्लर उघडला, गोळ्यावर काळा रंग लागलेला दिसला, मधे मधे उडालेला. काका म्हणाले, खंडेनवमीला पूजेआधी मीच मारला रे, गंज दिसत होता. मी हसलो. रंग कुठे मारायचा असतो का गोळ्याला, घासून जाईल आपोआप, म्हटलं. पुसलं, माझ्या हातानं पातळ ग्रीस लावलं, कप्लरच्या वाटीतही बोट फिरवलं. वाटीत बाजूला काहीतरी काळपट बसवलेलं हाताला लागलं, मला वाटलं प्लास्टिकचं बुश असेल. कप्लरला दोन हँडल होते. एक जोडायचं, दुसरं मला वाटलं लॉक. दोन्ही खाली दाबली, पोरानं परत चक्कर मारली, आणि ओरडला, "शेठ, अवाज बंध!"

काका खूश. पैसे घेतले नाहीत मी. ओळखीतले.

रविवारी सकाळी साडेनऊला फोन, मी सेव उसळ आणायला निघालो होतो. काकांचा आवाज वेगळाच होता. हालोल रोडवर जरोदच्या पुढे उभा आहे म्हणाले, सत्तरच्या पुढे गेलो आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला, आधी थोडं, मग इतकं की आरशात एकदा डावीकडची खिडकी दिसायची एकदा उजवीकडची. त्यांनी एक गोष्ट बरोबर केली, ब्रेक मारला नाही, स्टिअरिंगशी मारामारी केली नाही, पाय काढून घेतला आणि गाडी आपोआप हळू होऊ दिली. नाहीतर आज मी हे लिहीत नसतो. गाडीत काकू, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नाती होत्या.

मी पिकअप घेऊन गेलो. बरोबर थिनर, फडकी, पॉलिश पेपर, आणि घरातला वजनकाटा, बायको रोज सकाळी उभी राहते तो. तो का, तर ट्रेलर हलला की पहिला संशय नाकाच्या वजनाचा. मागे जास्त भरलं की पुढचं टोक हलकं होतं आणि ट्रेलर घड्याळाच्या लंबकासारखा झुलतो. एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के गोळ्यावर पडलं पाहिजे, म्हणजे इथे ३५ ते ५० किलो. गाडी सोडली, काट्यावर लाकडाचा ओंडका उभा केला, गोळ्याच्याच उंचीचा म्हणजे ४०० मिमीच्या आसपास, त्याच्यावर कप्लर टेकवला आणि पुढचं छोटं चाक वर घेतलं. काटा १८ वर थांबला.

मागचं दार उघडलं तर पाण्याचे वीस वीस लिटरचे दोन जार, गॅसचा बाटला, खुर्च्या, सगळं पार मागे. जार पुढे आणून ठेवले, परत मोजलं, ४४. काकांनी कपाळावर हात मारला. माझीच चूक रे, म्हणाले.

आणि तेवढ्यात मी कप्लर खालून बघितला, या वेळी मोबाईलची टॉर्च लावून, जसा शनिवारी बघायला पाहिजे होता. ते बुश नव्हतं. ब्रेकचं लायनर असतं ना, तसल्या मटेरियलचे पॅड होते, गोळ्याला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरणारे. आणि दुसरं हँडल लॉक नव्हतं, ते दाबलं की हे पॅड गोळ्यावर आवळले जातात, म्हणजे ट्रेलर झुलायला लागला की घर्षण त्याला धरून ठेवतं. ह्या कप्लरचा गोळा कोरडा ठणठणीत पाहिजे. ना ग्रीस, ना रंग. खंडेनवमीचा रंग पॅडवर चिकटला म्हणून किर्रर्र, आणि मी त्या किर्ररवर उपाय म्हणून ब्रेकच्या लायनरला ग्रीस चोपडून आलो होतो. शिकाऊ पोरानं ड्रममध्ये तेल सांडलं असतं तर मी त्याला आठवडाभर झापलं असतं.

काकू रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो, पण दसऱ्याआधी केवडियाला गेलो तेव्हा पण असंच भरलं होतं, तेव्हा कुठे हललं?" काका वैतागले, "तुला यातलं काय कळतंय!" काकूंना सगळं कळत होतं. तिथे उभ्या असलेल्यांमध्ये बरोबर बोललेल्या त्या एकट्याच. मी गोळा थिनरनं पुसत होतो, मान वर केली नाही.

वीस मिनिटं पुसला, पेपर मारून रंग पण काढला, पॅड वरवर घासले, पण ग्रीस एकदा लायनरमध्ये मुरलं की मुरलं, ते बदलायलाच लागतात. चाळीसच्या वर जाऊ नका, चांपानेर राहू दे, घरी चला, एवढं सांगितलं. का ते नाही सांगितलं. काका म्हणाले रविवारी तुला धावपळ करायला लावली, आणि पाचशेची नोट खिशात कोंबली. मी नको नको म्हणत घेतली. ती नोट अजून ड्रॉवरमध्ये आहे, का ठेवलीय माहीत नाही.

पॅडचा सेट बाहेरून मागवला, माझ्या पैशानं. सांगितलं की झिजले होते. तीन आठवडे लागले. दरम्यान त्या कप्लरची माहिती बसून वाचली, तर अगदी सुरुवातीलाच ठळक अक्षरात, गोळ्याला ग्रीस लावू नका. आमचे आजोबा कलाभवनात शिकलेले, सयाजीरावांनी १८९० साली काढलेली ती तंत्रशाळा, त्यांचं एकच म्हणणं असायचं की नवीन मशीन आलं की आधी कागद वाच, मग पाना उचल. मी बावीस वर्षांच्या जोरावर पाना आधी उचलतो. लाइनीतले सगळेच उचलतात, पण लाइनीतल्या कोणी काकांच्या नाती बसलेल्या गाडीमागच्या ट्रेलरला हात लावला नव्हता.

भार आणि ग्रीस, दोन्ही मिळून झालं हे मला कळतंय. नुसत्या १८ किलोनं केवडियाला काही झालं नव्हतं. नुसत्या ग्रीसनं, भार नीट असता, तर कदाचित काही झालं नसतं. किती कोणाचं हे मी रात्री वाटत बसतो आणि हिशोब दर वेळी वेगळा येतो.

गेल्या मंगळवारी काकांचा फोन. नवीन पॅड कोरडे बसवलेत, त्यामुळे हळू वळताना थोडं करकरणारच.

"अरे, आवाज परत आलाय."

"येऊ द्या काका. तो यायलाच पाहिजे."

"असं कसं? मागच्या वेळी तू ग्रीस लावलंस, लगेच बंद झाला होता. मी आणलंय इथे डबा, लावू का तूर्तास?"

"नको!" इतक्या जोरात म्हणालो की पोरानं ग्राइंडर बंद केला. मग सांगितलं. पॅड काय असतात, दुसरं हँडल कशाचं, मी काय केलं, सगळं.

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग काका म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी जरोदला…"

"हो," मी म्हटलं.

"थांब," म्हणाले, "हे काकूला सांग." आणि फोन तिला दिला.