पानावरचं आभाळ

पावसाने भिजलेलं मेपलचं पान समोर लालभडक दिसत होतं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मात्र नुसती पांढरट चकाकी.

ती चकाकी म्हणजे ओल्या पानात उमटलेलं आभाळ. पोलरायझर फिल्टर (लेन्सपुढची, चकाकी अडवणारी फिरती काच) लावून हळूहळू फिरवला की एका ठिकाणी ती विरते आणि खालचा रंग अक्षरशः वर येतो. प्रकाश एक-दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश), म्हणून वारा असेल तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, वाढवून शटर १/२५० सेकंदाच्या आसपास ठेवावा.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर नकोच, तो सोनेरी छटाच पुसून टाकतो! 'क्लाउडी' बरा. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखात, लाल रंगाचा चॅनेल वेगळा बघा. तो उजव्या कडेला आपटला की पानाच्या शिरा गेल्याच.

एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) ओढण्याआधी एकदा फिल्टर फिरवून बघाल का?