फ्रँकफर्टचे साडेएकतीस तास

सगळ्यात आधी अडला तो आईचा मास्क. जुन्या इरकलीच्या पदराचा, घरीच शिवलेला, बॉस्टनच्या थंडीत वर्षभर मिरवलेला. पण जर्मनीच्या विमानांत २०२१च्या फेब्रुवारीपासून कापडी मास्क चालत नव्हता. सर्जिकल नाहीतर एफएफपी२, म्हणजे एन९५सारखा. दारातच एअरहोस्टेसनं निळा मास्क हातात ठेवला. आईनं तो निमूटपणे लावला आणि त्याच्यावर आपला इरकली चढवला.

आई माझ्याकडे आली होती २०२०च्या फेब्रुवारीत, तीन महिन्यांसाठी. मार्चमध्ये करोनामुळे भारतानं आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली आणि तीन महिन्यांचं वर्ष झालं. शेवटी ४ मार्च २०२१ची, गुरुवारची एअर बबलमधली, म्हणजे दोन देशांनी आपसांत ठरवून चालू ठेवलेल्या मोजक्या विमानांची तिकिटं काढली, फ्रँकफर्टमार्गे. न्यूअर्कहून थेट मुंबईचं विमान होतं, पण ते महाग. त्या वाचवलेल्या पैशांचा हिशेब पुढे आलाच.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला फ्रँकफर्टला उतरलो. दुपारी एकचं विमान तांत्रिक बिघाडामुळे उद्या एकला जाणार असं कळलं. हॉटेल मिळेल का? मिळेल, पण शहरात. शहरात जायला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला व्हिसा हवा, आमच्याकडे फक्त अमेरिकेचे. त्यांच्या जोरावर विमानतळाच्या आत विमान बदलता येत होतं, बाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. तेव्हा मुक्काम गेटसमोरच्या खुर्च्यांवर. दुकानांची शटरं खाली होती आणि सरकत्या पट्ट्या रिकाम्याच सरकत होत्या.

खरी धडधड आरटीपीसीआरची, करोनाच्या टेस्टची. २२ फेब्रुवारीपासून भारताचा नियम होता: प्रवास सुरू करण्याआधीच्या ७२ तासांतला निगेटिव्ह रिपोर्ट. आमचे स्वॅब मंगळवारी सकाळी दहाला घेतलेले. काउंटरवरच्या बाईंनी रिपोर्टवरच्या वेळेवर पेन टेकवलं, शनिवारच्या विमानापर्यंत बोटांवर मोजलं आणि मान हलवली. त्र्याण्णव तास. नवीन टेस्ट लागेल. टेस्ट सेंटर कुठे आहे? आहे की, याच विमानतळावर, फक्त इमिग्रेशनच्या पलीकडे.

मी वाद घालायला सुरुवात केली, इंग्रजी भराभर आणि मुद्दा कुठेच नाही, अशी. आई मागून म्हणाली, "अगं, प्रवास सुरू कुठून झाला आपला? बॉस्टनहून ना? मग तिथपर्यंतच मोज की." बॉस्टनपर्यंत साडेचौपन्न तास होत होते. फोनवर आरोग्य मंत्रालयाची पीडीएफ उघडून ते वाक्य मोठं करून दाखवलं. बाईंनी वरिष्ठांना बोलावलं, वरिष्ठांनी कुणाला तरी फोन लावला. पाऊण तासानं होकार आला. आईनं त्या दोघांना एकेक बेसनाचा लाडू देऊ केला. संसर्गाच्या भीतीनं दोघंही दोन पावलं मागे सरकली.

मग एअर सुविधाचा, म्हणजे भारतात येणाऱ्यांनी ऑनलाइन भरायचा आरोग्याचा फॉर्म पुन्हा, कारण तारीख बदलली, सीट बदलली. पासपोर्टची पीडीएफ वेबसाइटला मोठी वाटत होती, ती लहान करेपर्यंत फोनची बॅटरी बारा टक्क्यांवर. गेल्या १४ दिवसांत कोणकोणत्या देशांत होतात, या रकान्यापाशी मी थांबले. जर्मनी लिहायचं का? पासपोर्टवर शिक्का नाही, जर्मनीच्या लेखी आम्ही आलोच नव्हतो.

मुंबईच्या लेखी मात्र आम्ही तिथूनच आलो होतो. नियम विमान कुठून उडालं ते बघत होता, माणूस कुठून निघाला ते नाही. रविवारी पहाटे दीडच्या सुमारास टर्मिनल २वर उतरलो, आणि युरोप व आखातातून आलेल्यांची रांग वेगळी निघाली. स्वॅब स्वखर्चानं, मग सात दिवस महापालिकेनं ठरवलेल्या हॉटेलांपैकी एकात, तेही स्वखर्चानं. न्यूअर्कच्या तिकिटाचे वाचवलेले पैसे तिथेच संपले, वर थोडे घालावे लागले.

आई अडुसष्टची. पासष्टच्या पुढच्यांना सूट होती, म्हणून तिला घरीच विलगीकरण. बाहेर दादा डोंबिवलीहून गाडी घेऊन आला होता. मी हॉटेलच्या बसकडे वळले, तर आईनं पिशवीतून दशम्यांचा उरलेला डबा काढून माझ्याकडे दिला. तिच्या डाव्या हातावर नुकताच विलगीकरणाचा शिक्का मारला होता. डबा देऊन झाल्यावर ती शाई वाळावी म्हणून हातावर फुंकर घालत उभी राहिली, मतदान करून आल्यासारखी. दोन मास्कांमधून ती फुंकर काही हातापर्यंत पोचत नव्हती.