साडेचार हजारांचा फरक

गुरुवार, ६ नोव्हेंबर

घरी पोचायला साडेआठ झाले. कुकर लावलाय. शिट्ट्या होईपर्यंत लिहून टाकते, नाहीतर राहूनच जाईल.

नोव्हेंबर म्हणजे बँकेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. दार उघडायच्या आधीच पायरीवर पेन्शनर आजी-आजोबा बसलेले. कुणाचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, कुणी आधार कार्ड घरी विसरलंय. त्यात आज बचत गटांचे भरणे. आणि दोन नंबरच्या कॅश काउंटरवर आमची नवी मुलगी. परभणीहून आलेली, नोकरीला अजून तीन महिनेही झालेले नाहीत.

चारला कॅश बंद झाली. चार वीसला ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात रबराची अंगठी, ती नुसती फिरवत होती.

"मॅडम, माझी कॅश साडेचार हजारांनी कमी येतेय. तीनदा मोजली."

कमी पडलेली रक्कम कॅशियरच्या खिशातून जाते, हे तिला पहिल्याच दिवशी कुणीतरी मोठ्या उत्साहाने सांगून ठेवलं होतं. डोळे भरायच्या बेतात होते.

कॅश जुळल्याशिवाय तिजोरी बंद होत नाही आणि तिजोरी बंद झाल्याशिवाय आम्ही दोघं किल्लीवाले हलू शकत नाही. पण बाकीच्यांना घरी जायला कुणाची ना नव्हती. तरी कुणी उठलं नाही. एरवी रजेच्या तारखांवरून महिनाभर अबोला धरणारी ही माणसं. कर्ज विभागाचे साहेब बाह्या वर करून शंभराच्या गड्ड्या हाताने मोजायला बसले, कारण जुनी मोठी शंभराची नोट आणि २०१८ नंतरची लहान जांभळी एकत्र आली की आमचं मशीन अडखळतं. शिपाई मामांनी कचऱ्याची टोपली फरशीवर उपडी केली आणि एकेक चिठोरा उलगडून पाहिला. मग न सांगता चहा आणला. "पोरी, आधी च्या घे. पैसं कुटं पळून जात न्हाईत."

नोटा बरोबर निघाल्या. म्हणजे मशीनने मोजलेलं आणि हाताने मोजलेलं एकच, सिस्टीम मात्र साडेचार हजार जास्त मागतेय.

मी तिला म्हटलं, "फरकाला नवाने भाग जातो का बघ."

"पाचशे. जातो."

"मग नोटांत शोधू नकोस, आकड्यांत शोध. शेजारशेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरकाला नेहमी नवाने भाग जातो."

भरणा स्लिपा घेऊन ती बसली. क्लिअरिंगचे दादा एकेक स्लिप पुढे सरकवत होते, ती स्क्रीनवर टिक करत होती. माझी खात्री आहे, दादांना ती चूक आधीच दिसली होती. एका स्लिपवर त्यांचं बोट जरा जास्त वेळ थांबलं. तोंडातून मात्र शब्द काढला नाही त्यांनी. दोन-तीन सेकंदांनी तीच ओरडली, "मॅडम, सोळाशे! मी एकसष्टशे टाकलेत!"

बचत गटाची स्लिप होती. मागे नोटांचा तपशील बॉलपेनने नीट लिहिलेला, १०० × १६. सोळा बायकांचे शंभर-शंभर. १६०० चे ६१०० झाले होते, कमी काहीच नव्हतं. एंट्री उलटवली, बरोबर रक्कम टाकली आणि गटाच्या अध्यक्षबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मेसेज बघून मी म्हटलंच, एवढे कुठून आले? उद्या येणारच होते विचारायला."

मॅनेजरसाहेब केबिनमधून डोकावून "व्हेरी गुड, व्हेरी गुड टीम" म्हणाले आणि आत गेले. त्यांना काय नावं ठेवायची? इतके दिवस मीही स्क्रीनवरून नजर न हलवता तिला "छान चाललंय हं" म्हणत होते. काय छान चाललंय ते विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, आणि ते तिला कळत असणार. पाण्याच्या कूलरवर माझं एक 'महिन्याचा उत्तम कर्मचारी' प्रमाणपत्र अजून चिकटवलेलं आहे. त्या महिन्यात मी सतरा दिवस रजेवर होते.

सगळे गेल्यावर तिला थांबवलं. म्हटलं, "आकडे उलटे पडतात, माझेही पडतात. पण तू चार वीसला येऊन सरळ सांगितलंस. सहापर्यंत लपवून ठेवलं नाहीस, पर्स उघडून गुपचूप पैसे घातले नाहीस. ते मला फार आवडलं."

ती म्हणाली, "असं करतात का कुणी?"

मग सांगितलंच. इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, घरीही नाही. १९९७, पहिली शाखा. तेव्हा गड्ड्यांना पिना मारलेल्या असायच्या, २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ते थांबवायला लावलं. पिना उपसून बोटं सोललेली, आणि संध्याकाळी नऊशे रुपये कमी. हेड कॅशियर तापट होते. मी मेसचे पैसे पर्समधून काढून ड्रॉवरमध्ये सरकवले आणि "जुळली" म्हणून सही केली. महिनाभर रात्री पाव खाल्ला.

तिने सगळं ऐकून घेतलं. वाटलं, आता काहीतरी गोड बोलेल. तर म्हणते, "मॅडम, नवाने भाग जात होता का?"

मी हसून विषय बदलला. नवाचं गणित मी त्यानंतर वर्षभराने शिकले, कितीजणांना शिकवलं, पण त्या दिवसाला ते लावून बघायचं कधी मनातच आलं नाही. तेव्हा स्क्रोल, म्हणजे दिवसभराच्या कॅशची नोंद, हातानेच लिहायचो. बाराशेचे एकवीसशे लिहायला कितीसा वेळ लागतो?

नऊशे भागिले नऊ. शंभर. जातो.

कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या कोण जाणे, भात लागल्याचा वास येतोय.